पोलीस संघटनांनी समाजमाध्यमांवर कशाविषयी बोलावे आणि कुठे थांबावे?

उपवनकाठ

पोलिसांच्या संघटना समाजमाध्यमे कशी वापरतात आणि त्याचा लोकांच्या विश्वासावर काय परिणाम होतो, याविषयी मी सध्या बरेच वाचत आहे. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये अशा संघटना शंभर वर्षांपासून आहेत. तिथे एखाद्या पोलिसावर आरोप झाला की कित्येकदा खात्याच्या प्रमुखाआधी संघटनेचे निवेदन लोकांच्या हाती पडते. आपल्याकडे पोलिसांना संघटनाच करता येत नाही, असे म्हणून हा विषय सहज बाजूला सारता येईल. परंतु ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणाऱ्या कोणालाही हे दिसते की पोलिसांचा आवाज बंद झालेला नाही. तो पोलीस कुटुंबीय, पोलीस पाल्य, पोलीस मित्र अशा नावांच्या पानांवरून आणि व्हॉट्सॲप गटांमधून येत राहतो, आणि तो नेमका कोणाचा आहे हे वाचणाऱ्याला कळत नाही.

माझे मत आधीच मांडतो. घरे, कामाचे तास, आजारपण, बदल्या यांविषयी पोलिसांना स्वतःच्या नावाने आणि जाहीरपणे बोलता आले पाहिजे. मात्र ज्या घटनेचा तपास चालू आहे आणि ज्यात एखादा नागरिक जखमी किंवा मृत झाला आहे, तिच्याविषयी पोलिसांच्या कोणत्याही संघटनेने एक ओळही लिहू नये. संघटनेच्या ज्या खात्याने काल बंदोबस्तावरच्या शिपायाला पिण्याचे पाणी मिळाले नाही म्हणून माझी सहानुभूती मिळवली, त्याच खात्याने आज मार खाल्लेल्या माणसाचे जुने गुन्हे उकरून काढले, तर माझा दोन्हींवरचा विश्वास जातो. आपले अनुभव आणि मते वाचायला आवडतील, विशेषतः पोलीस कुटुंबांतील सदस्यांची.

कोपरीकर

ज्या गोष्टीला कायद्याने बंदी आहे तिच्या नियमांची चर्चा आपण करत आहोत का? कायदा नेमका काय म्हणतो, हे आधी कोणी जाणकाराने सांगावे.

चरईचा_वकील

कोपरीकर, सरसकट बंदी आहे हा समज बराच रूढ आहे, पण तो पूर्ण बरोबर नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३३ ने संसदेला सशस्त्र दलांच्या आणि पोलिसांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार दिला आहे. त्यानुसार १९६६ चा पोलीस दल (हक्कांवर निर्बंध) अधिनियम आला. त्याच्या कलम ३ प्रमाणे केंद्र सरकारच्या किंवा विहित प्राधिकाऱ्याच्या स्पष्ट मंजुरीशिवाय पोलीस दलातील व्यक्तीला कामगार संघटनेचे किंवा राजकीय संघटनेचे सदस्य होता येत नाही, आणि वृत्तपत्रांशी संपर्क साधता येत नाही किंवा लेखन प्रसिद्ध करता येत नाही. कर्तव्याचा प्रामाणिक भाग असलेले आणि निव्वळ साहित्यिक, कलात्मक किंवा वैज्ञानिक स्वरूपाचे लेखन तेवढे वगळले आहे. उल्लंघनाला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दिल्लीतील पोलीस कर्मचाऱ्यांच्या संघाने या निर्बंधांना आव्हान दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये ते फेटाळले.

मात्र 'मंजुरीशिवाय' हा शब्द कायद्यातच आहे, म्हणजे मंजुरी देऊन संघटना उभी करण्याचा मार्गही त्याच कायद्यात आहे. केरळमध्ये पोलीस असोसिएशन मान्यताप्राप्त आहे, तिच्या निवडणुका होतात, अधिवेशने होतात, आणि तिथली कायदा-सुव्यवस्था त्यामुळे कोसळलेली नाही. महाराष्ट्रातही एके काळी अशी संघटना होती.

जुना_कळवेकर

होती, आणि तिचा शेवट ज्यांनी पाहिला ते तो विसरू शकत नाहीत. १९८२ च्या १५ ऑगस्टला मुंबईतील शिपायांनी काळ्या फिती लावल्या. १८ ऑगस्टच्या पहाटे नेत्यांना अटक झाली, महाराष्ट्र पोलीस कर्मचारी संघटनेची मान्यता काढून घेतली गेली, आणि त्या दिवशी मुंबईत वरळी, नायगाव या भागांत जे घडले त्याला आवर घालण्यासाठी लष्कर बोलवावे लागले. गिरणी संप त्या जानेवारीपासून चालू होता, शहर आधीच तापलेले होते. बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री होते. पुढे अनेक शिपाई बडतर्फ झाले.

मी तेव्हा गिरणगावात नोकरीला होतो आणि कळव्याहून रोज लोकलने जात असे. पोलिसांचा तेव्हाचा राग खोटा नव्हता. घरे दहा बाय दहाची, अधिकाऱ्यांच्या घरची कामे शिपायांच्या माथी, सुटीचा पत्ता नाही. पण कायदा राखणारेच रस्त्यावर उतरल्यावर सामान्य माणसाने कोणाकडे बघायचे, हा प्रश्न त्या दिवशी आम्हा सगळ्यांना पडला होता. आजचे सरकार संघटनेला मंजुरी द्यायला कचरते त्याच्या मागे तो दिवस आहे, असे मला वाटते. आज तसेच काही घडले तर बातमी पसरायला पहाट उजाडण्याची वाट पाहावी लागणार नाही, एवढे मात्र सर्वांनी ध्यानात घ्यावे.

हवालदारकन्या

माझे वडील ठाणे आयुक्तालयातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि माझे बालपण ठाण्यातल्याच एका पोलीस वसाहतीत गेले. उपवनकाठ यांनी ज्या पानांचा उल्लेख केला आहे, तसे एक पान आम्ही वसाहतीतील मुली आणि काही काकूंनी मिळून चालवले होते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

सुरुवात स्लॅबमधून पडणाऱ्या पाण्यापासून झाली. वसाहतीच्या दुरुस्तीचे अर्ज वर्षानुवर्षे पडून होते. वडील स्वतः काही लिहू शकत नव्हते, कारण त्यांच्या नावाने एखादी ओळ जरी बाहेर गेली असती तरी कसुरी अहवाल (कर्तव्यात कसूर केल्याची लेखी नोंद) आणि नंतर विभागीय चौकशी ठरलेली होती. दरबारात, म्हणजे वरिष्ठ कर्मचाऱ्यांच्या अडचणी ऐकतात त्या बैठकीत, उठून बोलणारा माणूस पुढच्या महिन्यात कुठल्या कामावर टाकला जातो हे सर्वांना माहीत असते, म्हणून दरबारातही कोणी फारसे बोलत नसे. घरच्यांवर मात्र सेवाशर्ती लागू होत नाहीत. आम्ही ओल आलेल्या भिंतींची, तुटलेल्या जिन्यांची छायाचित्रे टाकली, आणि जे अर्जांनी झाले नव्हते ते त्या छायाचित्रांनी झाले. लोकप्रतिनिधी आले, अभियंते आले, निदान डागडुजी तरी झाली. गणेशोत्सवात सलग बंदोबस्त करून घरी आलेल्या माणसाचे सुजलेले पाय आम्ही दाखवले तेव्हा अनोळखी ठाणेकरांनी इतके प्रेमाने लिहिले होते की आई ते प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवत असे.

नंतर एका पोलिसाने एका रिक्षाचालकाला मारल्याची चित्रफीत पसरली. मारणारा आमच्याच वसाहतीतला होता. पानावर एका रात्रीत मजकूर येऊ लागला की चित्रफीत अर्धवट आहे, रिक्षाचालक दारू प्यायला होता, त्याच्यावर आधीचे गुन्हे आहेत. यातले काहीही आमच्यापैकी कोणी तपासलेले नव्हते. मी ते काढून टाकायला सांगितले, तर 'आपल्या माणसाच्या पाठीशी उभे राहायचे नाही तर पान कशासाठी' असे मला विचारले गेले. मी बाहेर पडले. त्यानंतर आमच्या घरांविषयीच्या मजकुराखालीही लोक त्या रिक्षाचालकाचे छायाचित्र टाकू लागले, आणि दुरुस्तीची पुढची मागणी कोणी गांभीर्याने वाचली नाही. म्हणून उपवनकाठ यांचे म्हणणे मला तंतोतंत पटते, पण त्यात एक गोष्ट जोडावी लागेल. पान निनावी होते म्हणून तसा मजकूर टाकणे सोपे गेले. अध्यक्ष म्हणून कोणाचे नाव असते, तर तो दहा वेळा विचार करता.

पाम_बीच

हवालदारकन्या, तुमचा प्रतिसाद मनापासून आवडला, पण शेवटच्या मुद्द्याशी मी सहमत नाही. नाव, पद, निवडणूक, सगळे असूनही तेच घडते, याची उदाहरणे अमेरिकेत आहेत.

फ्रॅटर्नल ऑर्डर ऑफ पोलीस ही तिथली सर्वात मोठी संघटना, १९१५ मध्ये पिट्सबर्गला स्थापन झालेली. २०२० च्या ऑक्टोबरात फिलाडेल्फियात निदर्शने चालू असताना तिच्या राष्ट्रीय खात्यावर एका पोलीस महिलेच्या कडेवर असलेल्या लहान मुलाचे छायाचित्र आले. दंगलीत हे मूल अनवाणी हरवलेले सापडले आणि पोलिसांनी त्याला सांभाळले, असा त्याखाली मजकूर होता. प्रत्यक्षात त्या मुलाच्या आईची गाडी पोलिसांनी काचा फोडून थांबवली होती, तिला बाहेर ओढून मारले होते, आणि मूल मागच्या आसनावरून उचलले होते. मजकूर नंतर काढला गेला. पुढच्या वर्षी शहराने त्या आईला वीस लाख डॉलर भरपाई दिली.

त्याच वर्षी जूनमध्ये न्यूयॉर्कमधील पोलीस संघटनांनी ट्विटरवर जाहीर केले की एका उपाहारगृहातील कर्मचाऱ्यांनी पोलिसांच्या मिल्कशेकमध्ये मुद्दाम विषारी द्रव्य मिसळले. काही तासांतच त्याच शहराच्या पोलीस खात्याने तपास करून सांगितले की कोणताही गुन्हा घडलेला नाही. त्याआधीच्या महिन्याअखेरीस सार्जंटांच्या संघटनेने महापौरांच्या मुलीच्या अटकेची नोंद तिच्या वैयक्तिक तपशिलांसह प्रसिद्ध केली होती आणि ट्विटरने ते खाते काही काळ बंद केले होते. या सगळ्या ठिकाणी संघटना नोंदणीकृत होत्या, अध्यक्ष निवडून आलेले होते. निवडून आलेला अध्यक्ष उलट अधिक आक्रमक बोलतो, कारण त्याला पुढची निवडणूक सदस्यांच्या मतांवर जिंकायची असते, नागरिकांच्या नव्हे.

घोडबंदरकर

येथे सगळे एकाच बाजूने लिहीत आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. चित्रफीत पसरल्यावर आरोप झालेला पोलीस एकटा असतो. खाते सांगते की तपास चालू आहे, तोवर बोलू नका. वाहिन्या दिवसभर त्याचा चेहरा दाखवतात. त्याच्या मुलांना शाळेत प्रश्न विचारले जातात. डॉक्टरवर हलगर्जीपणाचा आरोप झाला की डॉक्टरांची संघटना बोलते, वकिलावर हल्ला झाला की वकिलांची संघटना बोलते. २०१९ च्या नोव्हेंबरात दिल्लीत तीस हजारी न्यायालयात वकील आणि पोलीस यांच्यात मारामारी झाली, तेव्हा वकिलांच्या संघटना होत्या आणि पोलिसांची नव्हती. तीन दिवसांनी शिपाई आपल्याच मुख्यालयासमोर गणवेशात बसले आणि त्यांची कुटुंबे इंडिया गेटला जमली. बोलायला अधिकृत तोंड असते तर ते दृश्य कदाचित टळले असते. तपासाधीन घटनेविषयी संघटनेने मौनच पाळायचे असेल, तर सदस्याने वर्गणी कशासाठी भरायची?

नेरुळ_पूर्व

घोडबंदरकर, आरोपी पोलिसाला वकील मिळवून देणे, त्याच्या घरच्यांना आधार देणे, निलंबनकाळातला निर्वाहभत्ता वेळेवर मिळतो की नाही हे पाहणे, यांसाठी वर्गणी भरावी. त्यासाठी जाहीर मजकुराची गरज नाही.

जाहीर मजकूर काय करू शकतो हे लखनौने दाखवले. २०१८ च्या सप्टेंबरात मध्यरात्रीनंतर गाडीने घरी निघालेल्या एका खासगी कंपनीतील अधिकाऱ्याला शिपायाने गोळी घातली. तो मेला. त्यानंतर आरोपी शिपायाच्या बाजूने समाजमाध्यमांवर मोहीम सुरू झाली, त्याच्या कुटुंबासाठी पैसे जमा झाले, आणि पोलीस ठाण्यांत काळ्या फिती लावलेल्या पोलिसांची छायाचित्रे फिरू लागली. काहींचे निलंबन झाले. मृताच्या घरच्यांनी ती छायाचित्रे पाहिली असतील तर त्याच खात्याच्या तपासावर त्यांनी कसा विश्वास ठेवायचा, याचे उत्तर मला आजवर सापडलेले नाही. तेथे मान्यताप्राप्त संघटना नव्हती, तरी हे घडले, म्हणजे पाम_बीच आणि हवालदारकन्या यांच्या दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

सीवूड्सचा_संख्याशास्त्री

अमेरिकेतील गॅलप या संस्थेच्या सर्वेक्षणात पोलिसांवर विश्वास असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण २०१९ मध्ये ५३ टक्के होते, ते २०२० मध्ये ४८ टक्क्यांवर आले. १९९३ पासूनच्या नोंदींत ते प्रथमच निम्म्याच्या खाली गेले. हा आकडा येथे कोणी ना कोणी देईलच, म्हणून आधीच सांगतो की यावरून संघटनांच्या मजकुरामुळे विश्वास घसरला असे सिद्ध होत नाही. मिनियापोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली झालेल्या जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूची चित्रफीत त्याच वर्षी जगभर पाहिली गेली होती आणि त्या एका घटनेचा परिणाम कोणत्याही संघटनेच्या खात्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

आपल्याकडची दुसरी आकडेवारी या धाग्याला अधिक जवळची आहे. कॉमन कॉज आणि लोकनीती-सीएसडीएस या संस्थांच्या २०१९ च्या अहवालानुसार भारतातील पोलीस सरासरी दिवसाला चौदा तास काम करतात, आणि जवळपास निम्म्यांना साप्ताहिक सुटी मिळत नाही. चौदा तास उभ्या असलेल्या माणसाशी आपली गाठ पडते तेव्हा तो कसा बोलतो, त्यावर आपला विश्वास ठरतो. संघटनेने हा एकच विषय लावून धरला तरी विश्वास वाढेल, असे अनुमान मला रास्त वाटते.

वाशीगाव

तासांचा विषय निघाला म्हणून लिहितो. मुंबईत २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या कामाचा प्रयोग सुरू झाला, त्यामागे एका शिपायाने स्वतः तयार करून दिलेला आराखडा होता. तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो ऐकून घेतला. पुढे संजय पांडे पोलीस महासंचालकपदाचा कार्यभार सांभाळत असताना महिला पोलिसांसाठी आठ तासांचे काम काही जिल्ह्यांत सुरू झाले. २०२२ मध्ये मुंबईचे आयुक्त झाल्यावर ते फेसबुकवरून थेट लोकांशी बोलत आणि त्यांनी आपला मोबाईल क्रमांकही जाहीर केला होता. म्हणजे खालच्या माणसाचे ऐकणारा वरिष्ठ असला की संघटनेवाचूनही काम होते.

हवालदारकन्या

वाशीगाव, तसा वरिष्ठ असला की होते, आणि तो बदलून गेला की थांबते. आमच्या वसाहतीने चांगले अधिकारीही पाहिले आहेत आणि त्यांच्या बदल्याही पाहिल्या आहेत. माणूस चांगला निघण्यावर अवलंबून राहायचे नसते म्हणूनच संघटना लागते.

सानपाडा_स्थानक

या चर्चेत एक विषमता कोणी मांडलेली नाही. भारतीय पोलीस सेवेतील अधिकाऱ्यांची असोसिएशन आहे आणि तिचे ट्विटर खातेही आहे. २०१९ च्या एप्रिलमध्ये लोकसभेच्या एका उमेदवाराने हेमंत करकरे यांच्याविषयी अपमानकारक विधान केले, तेव्हा या असोसिएशनने जाहीर निषेध केला. मला तो निषेध अत्यंत योग्य वाटला होता. २६ नोव्हेंबरच्या रात्री प्राण देणाऱ्या अधिकाऱ्याच्या बाजूने त्याच्या सहकाऱ्यांनी नाही बोलायचे तर कोणी बोलायचे? पण तुकाराम ओंबळे यांच्याविषयी उद्या कोणी तसे बोलले, तर त्यांच्या पदाच्या माणसांकडे निषेध नोंदवायला अधिकृत खाते नाही. शिपाई ते सहायक उपनिरीक्षक हेच दलाचे बहुसंख्य मनुष्यबळ आहे, रस्त्यावर आपल्याला तेच भेटतात, आणि नेमके तेच बोलू शकत नाहीत.

पाम_बीच

हा मुद्दा मान्य आहे. करकरे यांच्याविषयीचे निवेदन कोणत्याही चालू तपासाविषयी नव्हते, हेही नोंदवावेसे वाटते. उपवनकाठ यांनी आखलेल्या रेषेच्या ते अलीकडे आहे.

ऐरोली_नाका

गणवेशातील रील्स हाही याच विषयाचा भाग नव्हे का? संघटना नसली तरी वैयक्तिक खाती आहेत, काहींचे अनुयायी लाखांत आहेत, आणि लोक त्यांनाच 'पोलिसांचे मत' समजतात. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२३ च्या फेब्रुवारीत यावर धोरण काढले आणि गणवेशातील रील्सना मनाई केली. आपल्या राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने २०२५ च्या जुलैअखेरीस सर्वच शासकीय कर्मचाऱ्यांसाठी परिपत्रक काढले आहे. त्यात शासनाच्या धोरणांवर टीका नको, वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, वैयक्तिक खात्यावर गणवेश, शासकीय वाहन यांचा वापर टाळा, अशा सूचना आहेत.

चरईचा_वकील

ऐरोली_नाका यांनी चांगली आठवण दिली. त्या परिपत्रकामागे १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम आहेत. माझ्या मते गणवेशावरची मर्यादा योग्य आहे, कारण गणवेश हा राज्याचा आहे, व्यक्तीचा नाही. टीकेवरची मर्यादा मात्र काळजीपूर्वक वापरली पाहिजे. 'वसाहतीचे छप्पर गळते' ही धोरणावरची टीका मानली गेली, तर ती तक्रार पुन्हा निनावी पानांवरच जाईल, आणि हवालदारकन्या यांनी सांगितलेली गोष्ट पुन्हा घडेल.

बदलापूर_लोकल

ठाणे जिल्ह्यातच घडलेल्या घटनेचा उल्लेख अजून कोणी केला नाही, तो मी करतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेतील लहान मुलींवरील अत्याचारांचे प्रकरण बाहेर आले. गुन्हा नोंदवून घ्यायला झालेल्या विलंबाचा राग २० ऑगस्टला रुळांवर उतरला आणि लोकल गाड्या तासन्‌तास बंद राहिल्या. मी त्या दिवशी स्थानकात होतो, आणि पोलिसांविषयी त्या गर्दीत जे बोलले जात होते ते इथे लिहिण्याजोगे नाही. महिनाभराने, २३ सप्टेंबरला, तळोजा कारागृहातून नेत असताना मुंब्रा बायपासजवळ पोलीस गाडीत आरोपी गोळी लागून मेला. त्याच रात्री माझ्या सगळ्या व्हॉट्सॲप गटांवर त्याच पोलिसांच्या जयजयकाराचे संदेश आले. पेढे वाटले गेले, सूड पूर्ण झाल्याचे फलक लागले. त्यानंतर २०२५ च्या जानेवारीत दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीचा अहवाल उच्च न्यायालयासमोर आला, त्यात पाच पोलिसांना त्या मृत्यूला जबाबदार धरले होते आणि स्वसंरक्षणाच्या दाव्यावर शंका घेतली होती.

मला एवढेच विचारायचे आहे की यातला विश्वास कोणता? ऑगस्टमधला संताप आणि सप्टेंबरमधला जयजयकार, दोन्ही समाजमाध्यमांवरच मोजले गेले. पोलिसांची संघटना त्या वेळी असती आणि तिने सप्टेंबरमध्ये जयजयकारात भर घातली असती, तर जानेवारीत तिने काय लिहिले असते?

घोडबंदरकर

बदलापूर_लोकल, हा प्रश्न अवघड आहे आणि मी त्यावर बराच विचार केला. त्या रात्री मीही तसे संदेश पुढे पाठवणाऱ्या गटांमध्ये होतो, आणि तिथे कोणालाच दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीची वाट पाहायची नव्हती. अशा घटनेत संघटनेने गप्प राहावे हे मी मान्य करतो. पण ज्यात कोणी मेलेले नाही, जिथे सिग्नलवर कोणीतरी शिपायाची कॉलर धरली आहे आणि चित्रफितीत फक्त शिपायाने उगारलेला हात दिसतो, तिथे पूर्ण चित्रफीत दाखवा एवढे म्हणण्याचा हक्क तरी संघटनेला हवा. ही माझी भूमिका कायम आहे.

रीडिंगहून_ऐरोलीकर

मूळची ऐरोलीची, सध्या इंग्लंडमध्ये राहते. ब्रिटनचा अनुभव या धाग्याला उपयोगी पडेल असे वाटते. १९१८ आणि १९१९ मध्ये इथे पोलिसांनी संप केले. त्यानंतर १९१९ च्या कायद्याने पोलिसांना कामगार संघटनेत जायला बंदी झाली आणि तिच्या जागी कायद्यानेच पोलीस फेडरेशन ही पोलिसांचे प्रतिनिधित्व करणारी संस्था स्थापन झाली. जुना_कळवेकर यांनी सांगितलेल्या १९८२ नंतर आपल्याकडे फक्त पहिली गोष्ट झाली, दुसरी झाली नाही.

फेडरेशनही वादांतून सुटले नाही. २०१२ मध्ये पंतप्रधानांच्या निवासस्थानाच्या फाटकावर एक मंत्री आणि पोलीस यांच्यात बाचाबाची झाली आणि ते प्रकरण फेडरेशनने ज्या तऱ्हेने पेटते ठेवले, त्याने त्यांचेच नुकसान झाले. २०१४ च्या जानेवारीत सर डेव्हिड नॉर्मिंग्टन यांच्या समितीने फेडरेशनमधील सुधारणांसाठी ३६ शिफारशी केल्या. समितीच्या पाहणीत ९१ टक्के सदस्यांनी बदल हवा असे सांगितले होते, हे मला सर्वात महत्त्वाचे वाटते, कारण ही ओरड बाहेरच्यांची नव्हती. २०१७ च्या कायद्याने मग फेडरेशनवर बंधन घातले की सदस्यांचे प्रतिनिधित्व करताना तिने सार्वजनिक हित जपले पाहिजे आणि वर्तनाचा व पारदर्शकतेचा उच्च दर्जा राखला पाहिजे. तिला माहितीच्या अधिकाराखालीही आणले. पाम_बीच यांनी विचारलेल्या प्रश्नाचे, म्हणजे निवडून आलेला अध्यक्ष फक्त सदस्यांचेच का ऐकतो याचे, इथे दिलेले हे उत्तर आहे. ते पुरेसे पडले आहे असे मी म्हणणार नाही, पण तसे उत्तर कायद्यात लिहिता येते, हे नक्की.

उपवनकाठ

सर्वांचे आभार. रीडिंगहून_ऐरोलीकर यांच्या प्रतिसादाने मला हवी असलेली दिशा मिळाली. घोडबंदरकर यांचा सिग्नलवरच्या शिपायाचा मुद्दाही मी मान्य करतो. पूर्ण चित्रफीत प्रसिद्ध करावी अशी मागणी संघटनेने आयुक्तालयाकडे जाहीरपणे करायला हरकत नसावी. मागणी आयुक्तालयाकडे असेल, समोरच्या नागरिकाविषयी त्यात अक्षरही नसेल, तर माझ्या रेषेचा भंग होत नाही.

चरईचे_वकील, एक प्रश्न आहे. महाराष्ट्रात अशी बंधने घालून संघटना उभी करायची असेल, तर १९६६ चा कायदा बदलावा लागेल का? आणि तोवर नागरिकाने कोणाकडे जायचे?

चरईचा_वकील

कायदा बदलावा लागणार नाही. कलम ३ मध्ये मंजुरीची तरतूद आहेच, आणि मंजुरी देताना अटी घालता येतात. सदस्यत्व कोणत्या पदांपर्यंत, निवडणूक किती वर्षांनी, हिशेब कोणाला सादर करायचा, जाहीर निवेदन कोणाच्या सहीने निघेल आणि कोणत्या विषयांवर निघणार नाही, हे सर्व मंजुरीच्या आदेशातच लिहिता येईल. अट मोडली तर मान्यता काढून घेता येते. मात्र १९८२ सारखी ती पहाटे काढून घेऊ नये, आधी नोटीस आणि सुनावणी हवी.

नागरिकाच्या तक्रारीसाठी वेगळी व्यवस्था आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पोलीस सुधारणांविषयीच्या २००६ च्या प्रकाश सिंह निकालानंतर आपल्या राज्याने महाराष्ट्र पोलीस अधिनियमात २०१४ मध्ये दुरुस्ती करून पोलीस तक्रार प्राधिकरणांची तरतूद केली. कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक, भ्रष्टाचार अशा तक्रारी तिथे करता येतात. ठाण्यातले माझे बरेच अशील आधी चित्रफीत टाकतात आणि प्राधिकरणाचे नाव त्यांना माझ्याकडून कळते. अर्ज साध्या कागदावर, मराठीत, घटनेचा दिनांक, वेळ आणि ठिकाण लिहून करावा, चित्रफीत असल्यास मूळ स्वरूपात जपून ठेवावी आणि ती कापून कुठेही टाकू नये.

कोपरीकर

अटींच्या यादीत पानाचा प्रशासक कोण, हेही असावे. नाव आणि पद पानावर दिसले पाहिजे.

हवालदारकन्या

कोपरीकर, आणि तो प्रशासक सेवेत असलेलाच हवा, निवृत्त किंवा नातेवाईक नको. आमच्या पानाच्या वेळी सर्वात कडवट मजकूर ज्यांना कोणत्याही चौकशीची भीती नव्हती त्यांनीच लिहिला होता. वडिलांना काल हा धागा वाचून दाखवला. संघटना झाली तर पहिली मागणी कोणती असावी, असे मी विचारले, तेव्हा बंदोबस्तावरच्या महिला शिपायांसाठी शौचालय, असे ते म्हणाले. दहीहंडीला नौपाड्यात किंवा विसर्जनाला कोलशेतच्या घाटावर दिवसभर उभ्या असलेल्या मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत, हे त्यांनी स्वतःच्या तुकडीत पाहिले आहे.

नेरुळ_पूर्व

हीच स्थिती आमच्याकडे वाशी आणि नेरुळच्या विसर्जन तलावांवर असते. यंदा गणेशोत्सवाआधी फिरत्या शौचालयांसाठी दोन्ही महापालिकांकडे नागरिक म्हणून अर्ज देऊ या. त्याला कोणाच्याही मंजुरीची गरज नाही. मसुदा मी रविवारपर्यंत इथे टाकतो.